माणसं निवडायच्या आधी सॅम्पलची मापं बदला: इंदूरच्या फॅशन शो आयोजकांना आणि रेडीमेड उत्पादकांना खुलं पत्र

प्रति,
इंदूरमधले फॅशन शोचे आयोजक, कॅटलॉग काढणारे रेडीमेड उत्पादक आणि बुटीक चालवणारी मंडळी यांस,

स.न.वि.वि.

गणपती उठले की आपल्याकडे शो आणि कॅटलॉगच्या शूटिंगची घाई सुरू होते. तुळशीच्या लग्नानंतरच्या सराईचा माल त्याआधी लोकांसमोर यायला हवा असतो. अलीकडे या शोच्या जाहिरातींत 'सर्व बांध्यांच्या मॉडेल्सचं स्वागत' अशी ओळ दिसते. ओळ चांगली आहे, आणि ती छापणाऱ्यांच्या मनात खोट आहे असं आम्ही म्हणत नाही. आम्ही कापणीच्या टेबलावर आणि पडद्यामागे काम करणारी माणसं. कोणी पॅटर्न, म्हणजे कपडा कापायचा कागदी नमुना, काढतं, कोणी फिटिंग सांभाळतं, कोणी शिवण शिकवतं. आमच्या बाजूने दिसतं ते असं, की भरल्या अंगाची मॉडेल बोलावली जाते शेवटच्या आठवड्यात आणि कपडा कापलेला असतो महिनाभर आधी, ३४ इंच छातीवर.

मग व्हायचं तेच होतं. ४४ छातीच्या मुलीच्या वाट्याला काफ्तान येतो. काफ्तान नसेल तर केप, केप नसेल तर भलीमोठी ओढणी, पाठीवर न लागलेली चेन झाकायला. फोटोत सगळं साजरं दिसतं. पण समोर बसलेल्या बाईला जे पाहायचं असतं, की हा अंगाबरोबर बसणारा बिनबाह्यांचा ब्लाउज माझ्यासारखीच्या अंगावर कसा दिसेल, ते तिला दिसतच नाही.

आमचं मागणं एकच आहे, पुढचा सगळा मजकूर त्याचा तपशील समजा: माणसं निवडायच्या आधी सॅम्पलची, म्हणजे नमुन्याच्या पहिल्या कपड्याची, मापं बदला.

बाहेरच्या देशांत हा विषय मॉडेलच्या प्रकृतीवरून सुरू झाला. २००६ च्या ऑगस्टमध्ये उरुग्वेची मॉडेल लुईझेल रामोस शो चालू असतानाच गेली. सप्टेंबरमध्ये माद्रिदच्या फॅशन वीकने बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, १८ च्या खाली असलेल्या मुलींना रॅम्पवर घ्यायचं नाही असं ठरवलं. इस्रायलने कायदाच केला. १ जानेवारी २०१३ पासून तिथे १८.५ ची अट लागू झाली. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरचा दाखला लागतो, आणि तो नसताना काम देणाऱ्याला ७५ हजार युरोपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच वर्षी एलव्हीएमएच आणि केरिंग या दोन बड्या समूहांनी फ्रेंच ३२ या अगदी बारीक मापाच्या मुली घेणं बंद केल्याचं जाहीर केलं.

हे सगळे नियम तळ ठरवतात. वरच्या मापांबद्दल ते गप्प आहेत, आणि त्याचा परिणाम दिसतो. २०२३ च्या हिवाळी हंगामात न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिसच्या शोमधल्या नऊ हजारांहून जास्त पोशाखांची मोजदाद झाली, त्यात मोठ्या मापांचे पोशाख १ टक्कासुद्धा भरले नाहीत. ९५ टक्क्यांहून जास्त पोशाख सर्वांत बारीक मापांच्या अंगावर होते. मुंबईत लॅक्मे फॅशन वीकमध्ये २०१६ साली मोठ्या मापांचा स्वतंत्र शो झाला. पण स्वतंत्र शो म्हणजे बाकीचे शो होते तसेच राहिले, हेही त्यातच आलं.

बीएमआयचं तेवढं सांगून पुढे जातो, कारण काही आयोजक आता निवडीच्या वेळी वजनकाटा ठेवायचं म्हणतात. हिशोब सोपा आहे: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. ५ फूट ८ इंच, म्हणजे १.७३ मीटर उंचीच्या मुलीला १८.५ गाठायला साधारण ५५ किलो वजन लागतं. पण हा आकडा हाड, स्नायू, चरबी वेगळं करत नाही. उपजतच सडपातळ असलेली धडधाकट मुलगी त्यात नापास होते आणि उपाशी राहून आजारी पडलेली उंच मुलगी पास होऊ शकते. फ्रान्सने शेवटी निव्वळ आकड्याऐवजी डॉक्टरच्या मतावर सोडलं ते याचसाठी. तुमच्याकडे डॉक्टर नसेल तर काटाही ठेवू नका. त्याऐवजी करारात एक वाक्य घाला: निवडीच्या दिवशी घेतलेल्या मापावर कपडा कापला जाईल आणि पुढे फरक पडला तर कपडा बदलला जाईल. 'शोपर्यंत दोन इंच उतरव' हे सांगणं एवढ्याने बंद होतं. आणि सडपातळ मुलींना काढून टाका असं कोणी समजू नये. त्याही याच शहरातल्या ग्राहक आहेत.

आता कापणीकडे.

सॅम्पल ३४ वर पास झालं की बाकीची मापं ग्रेडिंगने निघतात. प्रत्येक पायरीला छाती, कंबर, सीट (नितंबांचा घेर) दोन-दोन इंच वाढवायची, शोल्डर अर्धा इंच, मुंढा (बाही जोडायची गोलाई) थोडा खाली, गळा थोडा रुंद. एक-दोन पायऱ्यांपर्यंत हे चालतं. ३४ वरून ४४ ला जायचं तर पाच पायऱ्या होतात. शोल्डर १४ वरून साडेसोळावर जातं. पण अंग भरतं तसं खांद्याचं हाड रुंद होत नाही. ४४ छातीच्या बाईचं शोल्डर बहुधा १५-साडेपंधराच असतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी अर्धा-पाऊण इंच बाही खाली लोंबते, गळा खांद्यावरून घसरतो, पट्टी दिसते. आणि इतकं रुंद करूनही छातीवर बटणांच्या मध्ये फट पडते ती पडतेच, कारण वाढवलेलं कापड काखेकडे गेलेलं असतं, जिथे हवं तिथे नाही.

मोठ्या मापात फिटिंग बसत नाही अशी जी तक्रार आपण ऐकतो, तिचं निम्म्याहून जास्त मूळ इथे आहे. दोष मॉडेलच्या अंगात शोधला जातो. तो पॅटर्नमध्ये असतो.

उपाय शिवण शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, फक्त कारखान्यात तो वापरत नाहीत. छातीची दोन मापं घ्या: एक काखेलगत, छातीच्या वरून, दुसरं भरल्या छातीवरून. साधं पॅटर्न या दोनांत दोन इंचांचा फरक धरून काढलेलं असतं. समजा वरचं माप ३८ आहे आणि भरलं ४३. इथे ४३ चं पॅटर्न घेतलं की खांदा-गळा बिघडलाच. ४० चं पॅटर्न घ्यायचं, कारण ते ३८ च्या वरच्या मापावर बसतं, आणि उरलेले तीन इंच फक्त पुढच्या भागात, प्रत्येक अर्ध्याला दीड इंच, टक्सची, म्हणजे फुगवट्यासाठी घातलेल्या चुणीची, रेघ कापून उघडून द्यायचे. पॅटर्न उघडलं की पुढची लांबीही आपोआप पाऊण-एक इंच वाढते आणि टक्स खोल होतो. तो एका टक्सात मावत नसेल तर दोन करा, नाहीतर प्रिन्सेस कट किंवा कटोरी. कटोरी ब्लाउज आपल्याकडे उगाच टिकून राहिलेला नाही.

मुंढ्याची चूक याहून जास्त वेळा होते. दंड भरलेला दिसला की मास्तर मुंढा खाली उतरवतात. वाटतं मोकळं होईल, होतं उलट. मुंढा जितका खोल, तितका हात वर करताना सबंध कुर्ता वर ओढला जातो. मॉडेलने कमरेवर हात ठेवला तरी काखेपासून छातीपर्यंत आडव्या वळ्या पडतात. मुंढा काखेच्या जवळच ठेवावा आणि बाहीचा घेर वाढवावा. न ताणणाऱ्या कापडात दंडघेर १५ असेल तर बाही किमान १७ हवी.

भरल्या पोटावर किंवा छातीवर कुर्त्याचा पुढचा घेर वर चढतो. कापड फुगवट्यावरून जातं, त्यात लांबी खर्च होते. पुढच्या भागाला एक ते दीड इंच लांबी जास्त द्या आणि ती बाजूच्या शिवणीत छातीच्या टक्सने खाऊन टाका, म्हणजे खालची कड सरळ राहते. कुर्त्याच्या बाजूचा चिरा (उघडी फट) कुठून सुरू करायचा हेही ठोकळ्याने ठरवू नका. कमरेखाली आठ-नऊ इंच हा आकडा सगळ्यांना लागू नाही. सीट जिथे सर्वांत भरलेली आहे त्याच्या थोडा खालून चिरा सुरू झाला पाहिजे, आणि तिथे अंगापेक्षा तीन-चार इंच मोकळं. नाहीतर दोन्ही पाखं, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग, फाकतात आणि रॅम्पवर चालताना ते पहिल्याच पावलाला दिसतं. पँटला आसन, म्हणजे कमरेपासून बैठकीपर्यंतची खोली, असंच. बाईला कडक खुर्चीवर बसवून कमरेपासून बैठकीपर्यंत बाजूने माप घ्या आणि एक इंच वाढवा. उभ्याने अंदाजाने धरलेलं आसन बसल्यावर कापतं.

उंचीकडे तर कोणी पाहतच नाही. ग्रेडिंगमध्ये साइज वाढला की लांबीही वाढते, जणू रुंद बाई उंचही असणारच. ५ फूट २ इंच उंचीच्या ४२ छातीच्या बाईला आपले तयार कुर्ते कमरेच्या रेषेत दीड इंच खाली बसतात, मग टक्स पोटावर येतात.

म्हणून म्हणतो, पायाची पॅटर्न तीन ठेवा: ३४, ४० आणि ४६. ३४ वरून ३२ आणि ३६ निघतात, ४० वरून ३८ आणि ४२, ४६ वरून ४४ आणि ४८. कोणतंही पॅटर्न एका पायरीपेक्षा जास्त ताणावं लागत नाही. काम वाढतं ते पॅटर्नचं, आणि ते एकदाच. पुढे प्रत्येक हंगामात तीच पॅटर्न फिरवून वापरता येतात.

यावर तुमचा पहिला प्रश्न खर्चाचा असणार. शोपुरतं बोलायचं तर सॅम्पलचा खर्च वाढतच नाही. बारा डिझाइन असतील तर आज बारा सॅम्पल ३४ वर शिवता. उद्या चार ३४ वर, चार ४० वर, चार ४६ वर शिवा. सॅम्पल बाराच. फक्त कोणतं डिझाइन कोणत्या मापावर हे कापणीच्या आधी ठरवा, आणि ढगळ डिझाइन सगळी ४६ च्या गळ्यात घालू नका. एक तरी बिनबाह्यांचं, एक तरी अंगाबरोबरचं त्या मापावर कापलं गेलंच पाहिजे.

मालाच्या बाबतीत कापड जास्त लागतं हे खरं आहे, पण किती आणि का, ते नीट पाहा. ४४ पन्ह्याच्या कापडात वापरायला सुमारे ४३ इंच मिळतात. सीटला ४० इंच तयार माप असलेल्या कुर्त्याचं एक पाखं शिवणीच्या दाबासकट साडेएकवीस इंच होतं. दोन पाखं शेजारी-शेजारी बरोबर ४३ मध्ये बसतात. कुर्त्याची लांबी आणि दुमड ४६ इंच, बाह्यांना १९, असं सुमारे १.६५ मीटरमध्ये काम भागतं. तयार माप ४४ झालं की पाखं साडेतेवीसचं होतं, दोन मिळून ४७. शेजारी बसत नाहीत, एकाखाली एक लावावी लागतात, आणि कापड एकदम २.३५ मीटरवर जातं. मधे पायरी नाही, उडीच आहे. शिवाय पाखाच्या बाजूला २० इंचांची पट्टी उरते, तिच्यात बाह्या निघाल्या तरी बरीच वाया जाते. हाच कुर्ता ५८ पन्ह्याच्या कापडात लावून बघा: ४७ इंच आरामात बसतात आणि पुन्हा १.६५ मीटरच लागतं. तेव्हा 'मोठे साइज परवडत नाहीत' हे वाक्य बऱ्याचदा कापडाच्या पन्ह्याबद्दलचं असतं. पुढच्या हंगामाचं कापड उचलताना ५८ चा पन्हा मागा. हातमागाचं किंवा ४४ चंच घ्यायचं असेल तर मोठ्या मापाला कळ्या घाला. उरणाऱ्या पट्टीतून कळ्या निघतात आणि घेरही छान पडतो.

हातमागाचा विषय निघालाच आहे. आपल्या इंदुरी शोचा शेवटचा फेरा बहुधा माहेश्वरी आणि चंदेरीचा असतो, आणि सर्वांत जास्त फजिती तिथेच होते. माहेश्वरीत बहुधा ताणा (उभे धागे) रेशमाचा, बाणा (आडवे धागे) सुताचा. चंदेरी त्याहून तलम. या कापडांत घट्ट शिवलं की शिवण उसवत नाही, शिवणीशेजारचे धागे सरकून जाळी पडते, पाठीवर आणि काखेत आधी. एकदा सरकलेले धागे परत जागेवर येत नाहीत. तो कपडा गेला. मोठ्या मापाची मॉडेल ऐनवेळी ३६ च्या चंदेरीत कोंबली की हे पाच मिनिटांत होतं आणि ऐकून तिला घ्यावं लागतं. तलम कापडात अंगापेक्षा तीन-चार इंच मोकळं ठेवा, आणि सुती मलमलचं अस्तर वरच्या कापडापेक्षा अर्धा इंच लहान कापा, म्हणजे ताण अस्तर घेतं, चंदेरी नुसती वर राहते.

साडी सगळ्यांना होते असं आपण गृहीत धरतो. साडेपाच मीटरची साडी सीट दहा इंचांनी वाढली की दोन वेढ्यांत वीस इंच जास्त खाते. पाच इंच रुंदीची एक निरी दहा इंच कापड घेते. म्हणजे दोन निऱ्या कमी, नाहीतर पदर आखूड. नेसवणाऱ्या बाईला हे आधी माहीत असेल तर ती निऱ्या चार इंचांच्या करून संख्या राखते. ब्लाउजपीसची कथा वेगळी. साडीबरोबर येणारं ८० सेंटीमीटरचं कापड ४२ छातीला कोपरापर्यंतच्या बाह्यांसकट पुरत नाही. मग बाह्या वेगळ्या कापडाच्या लागतात आणि त्याला डिझाइन म्हणायचं. माहेश्वरच्या विणकरांकडून शोसाठी साड्या मागवतानाच ब्लाउजपीस एक मीटरचा विणून मागा. ऑर्डर आधी दिली तर यात अवघड काही नाही.

दाबाबद्दल, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडाबद्दल, दोन शब्द, कारण ऐनवेळची अब्रू त्यावरच वाचते. बाजूच्या शिवणींत एक-एक इंच दाब ठेवला तर दोन बाजूंच्या मिळून चार कडा होतात. प्रत्येकीतून पाव इंच शिवणीला सोडून पाऊण इंच सुटतो. एकूण तीन इंच, म्हणजे दीड साइज. कारखान्यात ओव्हरलॉक मारताना पाव इंचावर कापून टाकायची सवय आहे, ती निदान सॅम्पलपुरती थांबवा. अस्तरातही तेवढाच दाब हवा; वरचं कापड सुटतं आणि अस्तर सुटत नाही, असं शोच्या दिवशी कळून उपयोग नसतो. रेशमात आणि टिश्यूत उसवल्यावर जुन्या सुईची भोकं दिसतात, तिथे आधी मांजरपाटावर कच्चं शिवूनच माप पक्कं करा.

शोचं वेळापत्रक आम्ही असं धरतो. पाच आठवडे आधी निवड आणि मापं. मापं घेताना मॉडेलने शोच्या दिवशी आत जे घालायचं तेच घातलेलं असावं. शेपवेअर घालून आणि न घालून कंबर-सीट वेगवेगळी येते, आणि मापाला एक, शोला दुसरं असं झालं की फिटिंग फसतंच. छाती-कंबर-सीट या तिन्हींवर थांबू नका. काखेलगतची छाती, छातीखालचं माप, टक्स पॉइंटमधलं अंतर, खांद्यापासून छातीवरून कमरेपर्यंत पुढची लांबी, पाठीची लांबी, दंडघेर, बसल्यावरचं पोट, मांडी, पोटरी. पोटरी विसरली की चुडीदार चढत नाही. चार आठवडे आधी मांजरपाटाचा ट्रायल, दोन आठवडे आधी खरं फिटिंग, चार दिवस आधी शेवटचं, चपला-दागिन्यांसकट.

मॅरेज गार्डनमधल्या शोला कपडे बदलायची जागा म्हणजे मांडवामागे लावलेले चार पडदे. तिथे प्रत्येकीला आडोसा, बिनहाताची मजबूत खुर्ची आणि अंगावर घ्यायला गाऊन, इतकं तरी द्या. चेन बंद होत नाही तेव्हा आजूबाजूला पंधरा माणसं उभी नसावीत. आणि सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेवा: मोठ्या मापाच्या मुली आल्या की वेगळं गाणं, वेगळी टाळी, 'बिनधास्त' वगैरे विशेषणं नकोत. त्यांना वेगळा फेराही नको. बाकीच्यांच्या रांगेत, तेवढ्याच मानधनावर.

कॅटलॉगचं दुखणं निराळं. परदेशीपुऱ्याच्या रेडीमेड कॉम्प्लेक्समधून किंवा एम. टी. क्लॉथ मार्केटमधून कुर्त्यांचा सेट उचलला जातो तो एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल असा चार नगांचा. फोटो मात्र एकाच, एमहूनही बारीक मुलीचा, आणि तोही पाठीमागे क्लिपा लावून कापड चापून बसवलेला. म्हणजे फोटोतला कुर्ता सेटमधल्या चारांपैकी कोणताच नाही. ऑनलाइन विकलेला माल 'फिटिंग वेगळं आहे' म्हणून परत येतो त्याचं आश्चर्य का वाटावं? प्रत्येक डिझाइनचे दोन फोटो काढा, एक एमवर, एक डबल एक्सएलवर, क्लिपांशिवाय. खाली एक ओळ छापा: 'मॉडेलची उंची ५ फूट ४ इंच, छाती ४२, कंबर ३७, सीट ४५, घातलेला साइज डबल एक्सएल.' 'फ्री साइज' छापायचंच असेल तर तो किती छातीपर्यंत होतो तो आकडाही छापा.

फोटोग्राफरला दोन गोष्टी सांगा. दोन्ही मुलींसाठी कॅमेऱ्याची उंची, प्रकाश आणि लेन्स एकच ठेवायची. जवळून वाइड लेन्सने काढलं की कडेचं अंग पसरतं, ८५ मिलिमीटरच्या आसपास आणि थोडं लांबून काढलं की प्रमाण राखलं जातं. आणि नंतर संगणकावर कंबर आत ओढायची नाही. तसं केलं की शिवणीच्या रेघा आणि काठाची नक्षी वाकडी होते, जाणकाराला लगेच कळतं. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलचं अंग असं बारीक किंवा जाड केलेल्या जाहिरातीवर तसं लिहावं लागतं, नॉर्वेत २०२२ पासून. आपल्याकडे असा खास नियम नाही, पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, हे ध्यानात असू द्या. संगणकाने तयार केलेल्या मॉडेलच्या अंगावर कुर्ता चढवून कॅटलॉग काढायची नवी टूम आली आहे, तिच्याबद्दल एवढंच: तिथे कापड चित्रातलं असतं. ते कुठेही ओढलं जात नाही, म्हणून ते बसतं की नाही याचा काहीच पुरावा त्यातून मिळत नाही.

पुरुषांचं थोडक्यात. तयार सूट-शेरवानी छाती आणि कमरेत सहा इंचांचा फरक धरून कापतात. ४० छातीला ३४ कंबर. आपल्याकडे लग्नात शेरवानी घालणाऱ्या कित्येकांत हा फरक दोन इंचही नसतो. मग पोटावर बटण ताणतं आणि खाली दोन्ही पाखं उघडी पडतात. एक सॅम्पल तरी ४२ छाती, ४० कमरेवर कापा आणि तसाच माणूस रॅम्पवर चालवा.

आता मापं आणायची कुठून? निफ्ट या सरकारी फॅशन शिक्षणसंस्थेने भारतीय अंगांच्या मापांसाठी 'इंडियासाइज' हे सर्वेक्षण हाती घेतलं. १५ ते ६५ वयाची २५ हजार माणसं, सहा शहरं. त्या सहांत मध्य प्रदेशातलं एकही नाही. पण इंदूरची मापं इंदुरात पडलेली आहेत. प्रत्येक बुटीकच्या आणि शिंप्याच्या मापवहीत. नावं आणि फोन नंबर वगळून, फक्त वय, उंची, दोन्ही छाती, कंबर, सीट, पाठीची लांबी एवढे रकाने उतरवले तर एका दुकानातून दोनशे मापं सहज निघतील. दहा दुकानांनी दिली तर दोन हजार. छातीनुसार गट पाडा आणि प्रत्येक गटात मधोमध येणारी कंबर, सीट, पाठ काढा. तुमचं ४० आणि ४६ चं पॅटर्न कोणत्या अंगावर काढायचं ते त्यातून ठरेल, कोणत्याही परदेशी तक्त्यापेक्षा जवळचं. शोसाठी मॉडेल कोणत्या मापांच्या शोधायच्या, हेही त्याच कागदावर दिसेल.

हे उतरवण्याचं आणि तीन पायाची पॅटर्न जाड ब्राउन पेपरवर काढून देण्याचं काम आम्ही करायला तयार आहोत. मापवह्या गणपतीच्या आत मिळाल्या पाहिजेत. नंतर आमच्यातल्या कोणालाच मान वर करायला वेळ नसतो.

कळावे,

इंदूरमधल्या काही पॅटर्न मास्तर, शिवण-शिक्षिका आणि फिटिंग सांभाळणारी मंडळी